मांजराचे दुखणे आणि वैद्याची मर्यादा

वैद्याच्या दारात येणारा प्रत्येक प्रश्न माणसाच्या प्रकृतीविषयीच असतो असे नाही, हा अनुभव आपल्यापैकी बहुतेकांस असेल. स्वतःच्या आम्लपित्ताची तक्रार सांगून झालेली असते, औषधाच्या पुड्या पिशवीत गेलेल्या असतात, आणि उठता उठता रुग्ण विचारतो, "आमची मांजर दोन दिवस काही खात नाही, तिला काही देता येईल का?" विचारणाऱ्याचा भाव सरळ असतो. वैद्याची औषधे झाडपाल्याची, म्हणजे निरुपद्रवी. आणि माणसाला जे मानवते ते एवढ्याशा जिवाला चिमूटभर दिले तर मानवणारच, अशी त्याची समजूत असते. ही समजूत त्याच्या मनात कोणी रुजविली याचा शोध घेऊ लागलो, तर बोट आपल्याकडेच वळते.

पूर्वी हा प्रश्न फारसा येत नसे. मांजर वाड्यात असे, पण कोणाचे नसे. ते उंदीर धरी, चुलीजवळ निजे, आणि आजारी पडले की माळ्यावर किंवा लाकडांच्या ढिगामागे जाऊन बसे. चार दिवस दिसले नाही तर "गेले असेल कुठे" एवढे म्हणून घर पुढे चाले. आज शहरातील सदनिकांत मांजर दारे-खिडक्यांच्या आत राहते, वाळूच्या ट्रेमध्ये मलमूत्रविसर्जन करते, विकतचे कोरडे खाद्य खाते, आणि एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या घरी तर ते बोलण्याचे एकमेव माणूस असते. त्याच्या दुखण्याची काळजी वाटणे स्वाभाविक आहे, आणि ती काळजी घेऊन मनुष्य प्रथम ओळखीच्या वैद्याकडे येतो हेही तितकेच स्वाभाविक आहे.

या विषयावर लेखणी उचलण्याचे कारण मात्र आमच्याच हातून घडलेली एक चूक आहे. ती सांगितल्यावाचून पुढे लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल.

संधिवातासाठी अनेक वर्षे आमच्याकडे येणाऱ्या एका निवृत्त शिक्षिका बाईंचा एका संध्याकाळी दूरध्वनी आला. "डॉक्टर, बोक्याला सकाळपासून शौचाला होत नाही हो. सारखा ट्रेमध्ये जाऊन बसतो, कुंथतो, ओरडतो, आणि तसाच उठतो. काय देऊ?" बोका चार वर्षांचा, नसबंदी केलेला, अंगाने भरलेला, कोरड्या खाद्यावर वाढलेला. बाहेर रुग्ण थांबले होते. खाणे कसे आहे आणि शेवटचे शौच केव्हा झाले, एवढे दोनच प्रश्न आम्ही विचारले. मलावष्टंभ हे निदान बाईंनी केलेलेच होते, आम्ही त्यावर शिक्का मारला. अर्धा चमचा एरंडेल दुधातून द्या, सकाळपर्यंत मोकळे होईल, असे सांगून आम्ही फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा फोन आला. बोका ओकत होता आणि त्याला उभे राहवत नव्हते. शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या पशुवैद्यांकडे तो पोहोचेपर्यंत संध्याकाळ झाली. आम्हीही तेथे गेलो. पशुवैद्यांनी पोटावर हात ठेवला आणि आमचा हात धरून त्याच जागी ठेवला. त्वचेखाली मोसंबीएवढा टणक गोळा लागत होता. तो मळाचा खडा नव्हता. ते तुडुंब भरलेले मूत्राशय होते. मूत्रमार्गातील अवरोध नळी घालून मोकळा करण्यात आला, शिरेतून द्रव चढविण्यात आला, परंतु हृदयाची गती मंदावली होती ती सुधारली नाही. पहाटेपूर्वी बोका गेला. पशुवैद्यांनी आम्हांस दोष दिला नाही. ते एवढेच म्हणाले, "असे बोके आमच्याकडे बहुधा जुलाबाचे औषध घेऊनच येतात."

सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्रात वर्णिलेले मूत्राघाताचे बारा प्रकार आम्ही विद्यार्थिदशेत मुखोद्गत केले होते. अश्मरीचा समावेश त्यांनी अष्टमहागदांत का केला, यावर आम्ही व्याख्यानेही दिली आहेत. असे असूनही डोळ्यांसमोरचा मूत्रावरोध आम्हांस ओळखता आला नाही, कारण आम्ही तो पाहिलाच नाही. आम्ही ऐकला, आणि तोही अर्धवट.

बोक्याचा मूत्रमार्ग शिश्नाच्या टोकाकडे अतिशय अरुंद होत जातो. मूत्राशयाच्या दाहामुळे सुटलेला श्लेष्मल पदार्थ, पेशी आणि स्फटिक यांची मिळून एक घट्ट गुळी त्या ठिकाणी अडकते. कधी खराच खडा अडकतो, तर कधी केवळ आकुंचन आणि सूज यांनी मार्ग बंद होतो. कमी पाणी पिणारे, कोरडे खाद्य खाणारे, स्थूल, घरातच कोंडलेले, घरातील बदलांनी बिथरलेले बोके यास अधिक बळी पडतात. मादीचा मूत्रमार्ग आखूड व रुंद असल्यामुळे तिच्यात पूर्ण अवरोध क्वचितच होतो. मार्ग बंद झाला की मूत्राबरोबर जावयाचे पोटॅशियम रक्तात साठते, आणि ते हृदयाची गती मंद करीत नेते. एक ते दोन दिवसांत प्राणी मरणोन्मुख होतो. म्हणून बोका ट्रेमध्ये पुनःपुन्हा बसत असेल, कुंथत असेल, मूत्रद्वार सारखे चाटत असेल, पोटाला हात लावू देत नसेल, आणि वाळूत ओला गोळा दिसत नसेल किंवा थेंबथेंब रक्तमिश्रित मूत्र दिसत असेल, तर सकाळची वाट पाहण्यास तेथे जागा नाही. रात्री अकराला समजले तर रात्री अकरालाच निघावयास हवे. "शेवटची लघवी तुम्ही स्वतः केव्हा पाहिली?" हा प्रश्न आम्ही त्या संध्याकाळी विचारला असता तर बाईंना उत्तर देता आले नसते, आणि उत्तर येत नाही हेच उत्तर ठरले असते.

अशा वेळी एरंडेलापेक्षाही घातक अशी एक सूचना आपल्या व्यवसायबंधूंकडून होण्याचा संभव असतो. लघवी कमी होते असे कळले तर गोक्षुर, पुनर्नवा, वरुण यांपैकी काहीतरी द्यावे असे आपल्या मनात प्रथम येते. मार्ग खुला असताना मूत्रल द्रव्ये उपयोगी पडतात. बंद दारामागे पाण्याचा लोंढा वाढविल्याने काय होते, ते वेगळे सांगावयास नको.

आमच्या मते दोषाचे मूळ एकाच औषधाच्या निवडीत नाही. लक्षण प्राण्याचे आणि निदान माणसाचे, असा आपला व्यवहार होतो. माणूस कुंथतो तेव्हा बहुधा मलावष्टंभ असतो, म्हणून मांजर कुंथले की मलावष्टंभ. वस्तुतः आपल्या परंपरेने असा उथळपणा कधी केलेला नाही. शालिहोत्रांच्या नावाने चालत आलेले अश्ववैद्यक आणि पालकाप्यांचा हस्त्यायुर्वेद हे माणसाच्या चिकित्सेला जोडलेले परिशिष्ट नव्हे, ती स्वतंत्र तंत्रे आहेत. पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९४ साली छापलेला हस्त्यायुर्वेदाचा ग्रंथ ज्यांनी हाताळला आहे त्यांस त्याचा आकारच सांगेल की, हत्तीला मोठा माणूस समजून हे लिहिलेले नाही. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानातील अकराव्या अध्यायात हत्ती, उंट, गाय, घोडा, मेंढी इत्यादींसाठी बस्तीची योजना आहे, आणि तेथेही प्राण्यागणिक बस्तीची द्रव्ये व साधने वेगळी सांगितली आहेत. मांजर त्या यादीत नाही. ज्या प्राण्याचे शास्त्र आचार्यांनी लिहिले नाही, त्याला माणसाचा आठवा हिस्सा समजून मात्रा ठरविण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला?

मांजर हा काटेकोर मांसाहारी प्राणी आहे आणि त्याचे यकृत आपल्या यकृतासारखे काम करीत नाही. अनेक द्रव्यांना ग्लुक्युरॉनिक आम्लाशी जोडून मूत्रावाटे बाहेर टाकण्याची जी क्रिया माणसात सहज चालते, ती मांजरात अत्यंत क्षीण आहे. पॅरासिटॅमॉलचे उदाहरण प्रत्येकाने लक्षात ठेवावे. चार किलोच्या मांजरास ५०० मिलिग्रॅमची एक गोळी म्हणजे किलोमागे १२५ मिलिग्रॅम. आणि किलोमागे १० मिलिग्रॅम इतक्या अल्प मात्रेतही विषबाधा नोंदली गेली आहे. रक्तातील तांबडा रंग प्राणवायू वाहण्यास निकामी होतो, हिरड्या तपकिरी किंवा निळसर दिसू लागतात, तोंड व पंजे सुजतात, श्वास लागतो. मुलाच्या तापाचे गोड औषध "थोडेसेच" पाजल्यानेही हे होते. वेळेत पोहोचल्यास पशुवैद्यांकडे ॲसिटिल सिस्टीनसारखा उतारा असतो. मांजरासाठी या औषधाची सुरक्षित अशी मात्राच नाही. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांचीही गोष्ट वेगळी नाही.

परंतु ॲलोपॅथीच्या गोळीकडे बोट दाखवून आपली सुटका होत नाही. लसूण हे आपले आवडते रसायन. लसूण आणि कांदा मांजराच्या रक्तपेशी फोडतात व पांडुता आणतात, मग ते चूर्णाच्या रूपात असो वा रश्श्याच्या. वेदनाहर तेलांत व मलमांत घातले जाणारे गंधपुऱ्याचे तेल म्हणजे मुख्यत्वे मिथिल सॅलिसिलेट, आणि सॅलिसिलेट मांजराच्या शरीरातून बाहेर पडण्यास दिवसांमागून दिवस लागतात. कापूर, निलगिरी, पुदिना यांचे अर्क त्याच्या त्वचेतून शोषले जातात, आणि मांजर अंग चाटून स्वच्छ करीत असल्यामुळे बाहेरून लावलेले प्रत्येक तेल हे अखेर पोटात घेतलेलेच तेल ठरते. आजी गुडघ्याला तेल चोळून बसली आणि मांजर मांडीवर येऊन निजले, एवढ्यानेही ते त्याच्या पोटात जाऊ शकते. भल्लातक, कुचला, वत्सनाभ यांचे कल्प आणि रसौषधी यांविषयी तर लिहिण्याचीही गरज असू नये. पिसवांसाठी कुत्र्याच्या मानेवर टाकण्याचे पर्मेथ्रिनयुक्त औषध मांजरावर टाकल्यास झटके येतात, हेही घरोघरी सांगण्यासारखे आहे. पुष्पगुच्छातील लिली घरात ठेवू नये. तिचे पान, पाकळी, किंबहुना अंगाला लागलेले पराग चाटणे मांजराचे मूत्रपिंड निकामी करण्यास पुरेसे होते.

लंघनाचा प्रश्न याहून नाजूक आहे, कारण येथे आपले तत्त्व चुकीचे नसून त्याची जागा चुकते. अन्नावर वासना नाही, जिभेवर साम आहे, तर एक-दोन दिवस लंघन करा असे आपण रुग्णास सांगतो आणि त्याचा गुणही येतो. मांजराच्या बाबतीत हा सल्ला उलटतो. विशेषतः स्थूल मांजराने काही दिवस अन्न सोडले की शरीरातील चरबी यकृताकडे धाव घेते, यकृत तिने भरून जाते, आणि हिरड्या, कानाची आतली बाजू पिवळी दिसू लागते. ही कामला उपवासातूनच उद्भवलेली असते. मग भूक आणखी मरते व चक्र पुरे होते. प्रौढ मांजराने चोवीस तास काहीही खाल्ले नाही तर पशुवैद्यांस कळवावे. पिल्लाच्या बाबतीत याच्या निम्मा वेळही फार होतो. "पोटाला विश्रांती मिळते आहे" हे वाक्य मांजराविषयी आपल्या तोंडून निघू नये.

तिसरे उदाहरण पक्षाघाताचे. काल रात्रीपर्यंत उड्या मारणारे मांजर एकाएकी किंकाळी फोडते आणि मागचे दोन्ही पाय ओढीत फरफटत चालू लागते. आपल्या मनात वातव्याधी, मग स्नेहन, स्वेदन, दशमूळ ही परंपरा सुरू होते. अनेकदा तेथे हृदयविकारातून सुटलेली रक्ताची गुठळी महाधमनीच्या दुभाजकाशी अडकलेली असते. मांजराची नाडी मांडीच्या आतल्या बाजूस लागते. अशा वेळी ती लागत नाही. पंजे गार पडतात, तळवे फिके किंवा निळसर दिसतात, आणि वेदना असह्य असते. नाडीपरीक्षेचा अभिमान बाळगणाऱ्या आम्हा वैद्यांनी निदान एवढी नाडी तरी पाहावी. ती नसेल तर मर्दन वा शेक यांत एक क्षणही घालवू नये. खरे सांगावयाचे तर ही व्याधी वेळेत पोहोचूनही बहुधा असाध्यच ठरते. परंतु त्या वेदनेचे शमन करणे पशुवैद्यांच्या हाती असते, आणि तेही थोडके नव्हे.

दर्शन, स्पर्शन व प्रश्न या त्रिविध परीक्षेपैकी प्रश्न येथे मालकालाच करावा लागतो, आणि मांजर आपले दुखणे मालकापासून लपवीत असते. एकटा शिकार करणारा, पण स्वतःही मोठ्या प्राण्यांची शिकार होणारा हा जीव. दुर्बलता उघड करणे त्याला परवडत नाही. त्यामुळे "तसे काही विशेष नाही, नुसती पलंगाखाली बसून असते" हे वाक्य ऐकून निश्चिंत होऊ नये. माणसांत वावरणारे मांजर अंधारात जाऊन बसले, अंग चाटणे सोडले, केस विस्कटलेले व मेणचट दिसू लागले, कपाटावर उडी मारण्याचे टाळू लागले, तर ते वेदनेचे निवेदन आहे. मांजर गुरगुरते आहे म्हणजे ते समाधानी आहे, हेही सर्वस्वी खरे नाही; तीव्र वेदनेत आणि मरणकाळीही मांजरे गुरगुरतात. हाताला अंग गरम लागले म्हणून ज्वर ठरवू नये, कारण मांजराचे स्वाभाविक तापमानच साधारणतः १००.५ ते १०२.५ अंश फॅरेनहाइट असते. उलट कान व पंजे गार, तापमान ९९ च्या खाली आणि जीव निपचित, ही अवस्था अधिक भयावह होय.

श्वासाकडे मात्र कोणासही पाहता येते. निजलेल्या मांजराच्या छातीची हालचाल मिनिटभर मोजावी. ती तीसच्या आत असावी. स्वस्थ निजलेले असताना सतत त्याहून अधिक भरत असेल तर दाखवावे. कुत्रे तोंड उघडून धापा टाकते ते उष्णतेमुळे. मांजर बसल्या जागी तोंड उघडून, मान पुढे ताणून, पोट आतबाहेर ओढीत श्वास घेऊ लागले तर ती आत्ययिक अवस्था समजावी. अशा मांजराला उचलून पाहणे, पाठीवर निजविणे, छातीला काही चोळणे, तोंडात मध घालणे, सर्व वर्ज्य. वासाची औषधी धुरी तर मुळीच देऊ नये.

वांतीविषयी लोक फार सहनशील झालेले आढळतात. मांजर ओकतेच, केसांचा गोळा असेल, असे म्हणून आठवडेच्या आठवडे जातात. कधीमधी केसांचा गोळा पडणे निराळे, आणि दिवसातून तीनचार वेळा ओकणे, पाणीही न टिकणे, त्यात रक्त असणे निराळे. आपल्याकडे यात एक खास धोका आहे. शिवणाचा दोरा, हाराचा दोरा, संक्रांतीनंतर गच्चीवर पडलेला मांजा, गणपतीच्या आराशीतील चमकी, हे सर्व मांजर खेळता खेळता गिळते. एक टोक जिभेच्या मुळाशी अडकते व दुसरे आतड्यात उतरते. आतडे त्यावर चुणीसारखे गोळा होते आणि कापले जाते. तोंडातून किंवा गुदातून दोरा लोंबताना दिसला तर तो ओढू नये. हे वाक्य आम्ही घरातल्या बाईमाणसांस व मुलांस दोनदा सांगतो.

लसीकरण न झालेल्या पिल्लाला एकाएकी वांत्या सुरू झाल्या, ते पाण्याच्या वाडग्यावर मान टाकून बसले पण पिईना, तर पॅनल्युकोपेनिया या विषाणुजन्य रोगाची शंका घ्यावी. त्यात अतिसार मागाहून येतो, किंवा येण्यापूर्वीच पिल्लू दगावते. म्हणून जुलाब नाहीत या कारणाने थांबू नये. सहा ते आठ आठवड्यांपासून लसी सुरू केल्यास हा रोग टाळता येतो. म्हाताऱ्या मांजराचे दुखणे याच्या उलट, सावकाश येते. पाणी फार पिणे, मूत्र फार होणे आणि खाऊनही वजन घटणे ही मूत्रपिंडाच्या, अवटु ग्रंथीच्या किंवा मधुमेहाच्या विकाराची खूण असते. मधुमेह लवकर ओळखून इन्शुलिन सुरू केल्यास काही मांजरांत पुढे ते थांबविताही येते. तेथे मेथी आणि कारल्याचे प्रयोग करीत बसणे म्हणजे ती संधी घालविणे होय.

एक विषय असा आहे की ज्यात रुग्ण मांजर नसून मनुष्य असतो, आणि तेथे आपली जबाबदारी पूर्ण आहे. आजारी मांजराला औषध पाजताना ते चावते किंवा ओरबाडते. सुश्रुतांनी कल्पस्थानात अलर्कविषाचे वर्णन करताना जलत्रासास अरिष्ट मानले आहे. आजच्या शास्त्रानेही लक्षणे उमटल्यावरच्या रेबीजला जवळजवळ निश्चित मृत्यूच मानले आहे. म्हणून जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, तिच्यात हळद, चुना, तिखट, बिब्बा काहीही भरू नये, आणि त्याच दिवशी रुग्णास लसीसाठी व आवश्यक तर इम्युनोग्लोब्युलिनसाठी रुग्णालयात धाडावे. मांजर घरचे आहे, दिसायला चांगले आहे, ही कारणे पुरेशी नाहीत. आपण दिलेले कोणतेही औषध या लसीची जागा घेत नाही.

आमचे हे म्हणणे सर्वांस रुचणार नाही याची जाणीव आहे. मित्रांशी बोलताना दोन आक्षेप पुढे आले. पहिला असा की, गाईगुरांसाठी वनौषधी चालतात, राष्ट्रीय दुग्धविकास मंडळासारखी संस्था कासदाहावर कोरफड, हळद व चुना यांच्या लेपाचा पुरस्कार करते, मग मांजराचेच एवढे अवडंबर कशासाठी? याचे उत्तर वर आले आहे. गाय वनस्पतींवर जगणारा प्राणी आहे, तिच्यावरील हे प्रयोग गाईंवरच झाले आहेत आणि पशुवैद्यांच्या सहभागाने झाले आहेत. मांजरावर असे काम कोणी करू म्हणेल तर ते पशुवैद्यांसमवेत, नोंदी ठेवून करावे. आमचा त्याला विरोध नाही, उलट औत्सुक्यच आहे. तोवर भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ चे कलम ३० आपणांस स्पष्ट सांगते की, पशुवैद्यकाचा व्यवसाय करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यांचा आहे. आपल्या व्यवसायात नोंदणी नसलेल्यांनी शिरकाव केला की आपण निवेदने देतो, मोर्चे काढतो. दुसऱ्याच्या उंबरठ्यावर आपणही तोच न्याय पाळला पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. तालुक्याच्या गावी मांजर पाहणारा पशुवैद्य कोठे आहे? सरकारी दवाखान्यातील डॉक्टर गावोगाव गुरे पाहत फिरत असतात, खासगी दवाखाना पन्नास किलोमीटरवर, आणि मूत्रमार्गात नळी घालून दोन दिवस ठेवण्याचा खर्च निवृत्तिवेतनावर जगणाऱ्यास जड जातो. वैद्याकडे येणारा मनुष्य पुष्कळदा श्रद्धेने नव्हे, तर अन्य मार्ग नसल्यामुळे आलेला असतो. हे आम्ही नाकारीत नाही. मुंबईत परळला १८८६ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे, नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर येथेही महाविद्यालये आहेत आणि तेथे प्राणी पाहिले जातात. परंतु गडचिरोलीच्या किंवा माणगावच्या माणसास याचा रात्री दहा वाजता काय उपयोग?

त्याला उपयोग होईल असे थोडे आपण करू शकतो. दूरध्वनीवरून पशुवैद्यांचा सल्ला मिळवून देणे, भ्रमणध्वनीवर मांजराच्या श्वासाचे किंवा कुंथण्याचे चित्रण करून पाठविण्यास सांगणे, विषाची शंका असल्यास गोळीची पट्टी वा बाटली बरोबर नेण्यास बजावणे. नेताना मांजर झाकण असलेल्या टोपलीत, जुन्या चादरीत गुंडाळून, ऊबेत ठेवावे; मोकळे हातात धरून दुचाकीवरून नेऊ नये. शुद्ध हरपलेल्या किंवा ओकणाऱ्या मांजराच्या तोंडात पाणी, दूध, तूप वा तेल ओतू नये, ते फुप्फुसात जाते. विष खाल्ले म्हणून मिठाचे पाणी पाजून ओकवू नये. आमच्या यादीत "करू नये" अधिक आहे, याची आम्हांस लाज वाटत नाही.

त्या शिक्षिका बाई वर्षभर आमच्याकडे आल्या नाहीत. गुडघ्यांनी पुन्हा डोके वर काढले तेव्हा आल्या, नेहमीप्रमाणे औषध घेतले, बोक्याचा विषय काढला नाही. आम्हीच काढला आणि चूक आमची होती हे त्यांस सांगितले. त्या थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "मीच शौचाचं म्हणाले होते ना." आता त्यांच्याकडे एक भाटी आहे, आणि तिच्या लसीची तारीख त्यांच्या संधिवाताच्या कागदावर आमच्याच अक्षरात लिहिलेली आहे.

आमची संघटनेस एक विनंती आहे. प्रत्येक जिल्हा शाखेने आपल्या क्षेत्रातील मांजर व कुत्री पाहणाऱ्या नोंदणीकृत पशुवैद्यांची नावे, दवाखान्याच्या वेळा आणि रात्री उपलब्ध असणारा क्रमांक त्यांच्या संमतीने मिळवावा, व ही यादी या त्रैमासिकाच्या मलपृष्ठाच्या आतील बाजूस छापावी. वार्षिक अधिवेशनात एका पशुवैद्यक प्राध्यापकांचे तासाभराचे व्याख्यान ठेवावे. आमच्या जिल्ह्याची यादी सात नावांची झाली असून ती या लेखासोबतच संपादकांकडे पाठविली आहे.